चौकटीतलं पान

शनिवारचं जेवण होईपर्यंत तोंड उघडायचं नाही, असं मार्लुसियाने ठरवलं होतं. पण ती बसली नेमकी चौकटीसमोरच्या खुर्चीवर. घास घेतला की नजर वर जायची, आणि वर भिंतीवर खापरपणजोबांची सही.

काळ्या शाईतली, शेपटीला तीन वेटोळी असलेली दिमाखदार सही: तेओदोलिनो लासेर्दा. सहीच्या डावीकडे एक छोटा क्रूस. खाली पितळी पट्टीवर कोरलेलं, 'सांता एफिजेनिया गावाच्या जमिनीचं दानपत्र, १८५९'. लासेर्दांच्या पोरांना अक्षरओळख होण्याआधी ही सही ओळखता यायची. मोठी झाल्यावर ही पोरंही आपल्या सहीआधी छोटा क्रूस काढायची, कारण कॅप्टन तेओदोलिनो काढायचे. बँकेत नवा कारकून आला की त्याला हे समजावून सांगावं लागे, आणि सांगताना प्रत्येक लासेर्दाची मान जराशी ताठ व्हायची.

आमच्याकडची गावं अशीच जन्माला आली. कोणीतरी आपल्या जमिनीचा तुकडा एखाद्या संताच्या नावे करून द्यायचा, त्यावर चॅपल उभं राहायचं, चॅपलभोवती घरं, घरांभोवती भांडणं, आणि भांडणं पुरेशी झाली की म्युनिसिपालिटी. आमची म्युनिसिपालिटी एकोणीसशे त्रेपन्न सालची. उद्या, सांता एफिजेनिया या संतिणीच्या सणाच्या दिवशी, तिला पन्नास वर्षं पुरी होणार होती. मिरवणूक चर्चपाशी आली की मार्लुसियाचे वडील, म्हातारे मास्तर आल्तिवो लासेर्दा, व्यासपीठावर चढणार आणि दरवर्षीप्रमाणे आपल्या पुस्तकाचं पहिलं पान वाचणार. 'आपली म्युनिसिपालिटी: इतिहास आणि भूगोल' हे पुस्तक त्यांनीच एकसष्ट साली लिहिलं, आणि तेव्हापासून चौथीतलं प्रत्येक मूल ते पाठ करत आलं. आल्तिवोंनी नुसतं "ही जमीन" म्हटलं की अख्खा चौक पुढचं म्हणायचा: "कॅप्टन तेओदोलिनो लासेर्दा यांनी संतिणीला दिली."

सोमवारी त्या पुस्तकाची नवी आवृत्ती छापायला जायची होती. ती तयार करायचं काम मार्लुसियाकडे होतं, कारण ती मास्तरांची मुलगी आणि स्वतःही मास्तरीण. इतिहासाला तिने हातही लावला नव्हता. तिला फक्त भूगोलातला नकाशा नीट काढायचा होता.

पेरूची वडी आणि चीज टेबलावर आलं तेव्हा तिने पिशवीतून तीन झेरॉक्सची पानं काढली आणि वडिलांच्या ताटलीशेजारी ठेवली.

"अजून बदल?" तिचा भाऊ जेनेझिओ म्हणाला. "मार्लु, पुस्तक आहे की लग्नाचा झगा? शिवून होतच नाही तुझा."

"बाबा," मार्लुसिया म्हणाली, "भिंतीवरचं पान तिसरं आहे. त्याच्या आधी दोन पानं आहेत."

आल्तिवोंनी पानांकडे पाहिलं नाही. त्यांनी चीजचा एक तुकडा कापला, मग त्याचे दोन केले. पानं जेनेझिओने उचलली. छप्पन्न वर्षांचा, भरदार आवाजाचा माणूस. उपनगराध्यक्ष होता आणि पुढच्या ऑक्टोबरात नगराध्यक्षपदाला उभा राहणार होता. कागद हातात आला की तो मोठ्याने वाचायचा, सवयच होती.

"मी, रोझारिया मारिया, गुलामीतून मुक्त झालेली काळी स्त्री, माझ्या स्वतःच्या मेहनतीने घेतलेल्या जमिनीपैकी, माझ्या घराच्या मागच्या दारापासून ओढ्याच्या उतारापर्यंत, तिथून पांढऱ्या खडकापर्यंत, आणि खडकापासून परत माझ्या दारापर्यंत, एवढी जमीन सांता एफिजेनियाला देत आहे." इथवर त्याचा आवाज भाषणाचा होता. पुढचं तो मनातल्या मनात वाचू लागला, आणि दुसऱ्या पानाच्या तळाशी येऊन थांबला.

"वाच की," टेबलाच्या टोकाकडून इओलांदा आत्या म्हणाली. आल्तिवोंची धाकटी बहीण, एक्याऐंशी वर्षांची, बिनलग्नाची. तिने एव्हाना भाच्याच्या वाटची पेरूची वडीही आपल्या ताटलीत ओढली होती.

ते मार्लुसियाने वाचलं. तिला पाठच झालं होतं. "देणारीला लिहिता येत नसल्यामुळे तिने आपल्या हाताने क्रूस काढला, आणि तिच्या विनंतीवरून तिच्यासाठी सही करत आहेत शेजारी तेओदोलिनो लासेर्दा."

मग आल्तिवो सोडून तिघांनीही भिंतीकडे पाहिलं. त्या सहीच्या डावीकडचा तो छोटा क्रूस.

तो कॅप्टनचा नव्हताच. मार्लुसियाने त्या आठवड्यात शाळेच्या अठ्ठावीस प्रगतिपुस्तकांवर सही केली होती आणि प्रत्येक सहीआधी क्रूस काढला होता. मंगळवारी नोंदणी कचेरीतून हे वाचून ती परत आली, एकोणतिसावं प्रगतिपुस्तक उघडलं आणि पेन तसंच हातात धरून बसून राहिली. एका अक्षरशत्रू बाईची खूण घरातले सगळे चार पिढ्या मिरवत होते, आणि तिचं नाव घरात कोणाला माहीत नव्हतं. नकाशासाठी जुन्या हद्दी हव्या होत्या म्हणून ती कचेरीत गेली होती. हद्दी 'माझ्या घराच्या मागच्या दारापासून' सुरू होत होत्या, आणि लासेर्दांचं घर तर त्या काळी नदीच्या पलीकडे होतं. टेकडीवर, ओढ्याच्या वर, लासेर्दांचं कोणी कधी राहिलं नव्हतं. टेकडीवर राहायची ती शाळेत रांधणाऱ्या झुल्मिराची माणसं.

आणि तिथली माणसं त्या ओढ्याला आजही रोझारियाचा ओढा म्हणायची. पुस्तकात, पान एकतीस, तो कॅप्टनचा ओढा होता.

जेनेझिओने पानं टेबलावर पालथी ठेवली. त्याच्या डोक्यात पहिला विचार आला तो ओसरीवरच्या खोक्यांचा. उद्या मिरवणुकीत वाटण्यासाठी त्याने पुठ्ठ्याचे पंखे छापून आणले होते. सप्टेंबरात आमच्याकडे पाऊस नसतो, धूळ आणि ऊन असतं, आणि फुकटचा पंखा कोणी नाकारत नाही. पंख्याच्या एका बाजूला जेनेझिओचा फोटो, दुसऱ्या बाजूला ही सही, क्रूसासकट, आणि वर ठळक अक्षरांत: 'या हाताने गाव घडवलं'. पहिला विचार पंख्यांचा आला याची त्याला स्वतःलाच लाज वाटली, पण विचार काही गेला नाही.

"हे बघ," तो म्हणाला, "बाईने जमीन दिली असेल. मी नाही म्हणत नाही. पण सही नसती तर दान झालं असतं का? कायद्याने सही लागते. ती आपल्या माणसाने केली. म्हणजे एका अर्थी..."

"एका अर्थी काय, दादा?"

"एका अर्थी आपला वाटा आहेच त्यात."

इओलांदा आत्या काट्याने वडी तोडता तोडता म्हणाली, "गेल्या वर्षी माझ्या मोतीबिंदूच्या कागदावर तू सही केलीस. डोळा तुझा झाला का रे?"

एरवी यावर टेबल हसलं असतं. जेनेझिओ लालबुंद झाला. मग त्याने आवाज खाली आणला आणि बहिणीला वेगळ्या तऱ्हेने समजावू लागला. चूक झाली, मान्य. बाबांना चौकटीतलं एकच पान ठाऊक होतं, त्यांनी त्यावरून लिहिलं, यात पाप कसलं? आता चौऱ्याऐंशीव्या वर्षी त्यांना चौकात उभं करून खोटं पाडायचं? सण होऊ दे. ऑक्टोबर होऊ दे. पुढच्या आवृत्तीत तळटीप टाकू, बारीक अक्षरात, कोणाचा अपमान नको. बोलता बोलता त्याला आपलंच म्हणणं पटत गेलं, कारण त्यात वडिलांची काळजी होती आणि ती खरीच होती.

आणि मार्लुसिया डळमळली, हे सांगितलं पाहिजे. मंगळवारपासून तिला झोप नव्हती ती नकाशामुळे नव्हे. लहानपणी वडिलांचा हात धरून ती सगळी म्युनिसिपालिटी पायी फिरली होती. उत्तरेला डोंगराची धार, दक्षिणेला नदी, समुद्रसपाटीपासून नऊशे बारा मीटर, तीन ओढे, दोन धबधबे. खडकाचा तुकडा उचलून ते तिला जिभेवर ठेवायला लावायचे, चिकटला तर माती, नाही चिकटला तर दगड. ज्यांनी गावाचा चप्पा चप्पा चाखायला शिकवला त्यांच्याकडून चूक होऊ शकते, हे तिला चालणार होतं. दुसरं काही तिला नको होतं. म्हणून तिने जो प्रश्न विचारला तो जवळजवळ विनवणीच होती.

"बाबा, तुम्ही ती दोन पानं कधी पाहिलीच नव्हती ना?"

आल्तिवोंनी चीजच्या दोन तुकड्यांचे चार केले.

"नव्हतीच," जेनेझिओ परस्पर म्हणाला. "कशी पाहणार? सांगा की बाबा."

"त्याला काय विचारता," इओलांदा आत्याने काटा खाली ठेवला. "चौकट मी करून आणली. एकसष्ट साल, जून महिना. नोंदणी कचेरीतून आला आणि दोन दिवस जेवला नाही. तिसऱ्या दिवशी मला म्हणाला, इओलांदा, फोटोवाल्याला सांग, एकच पान हवंय, शेवटचं."



"तुला माहीत होतं, आत्या?" मार्लुसियाने विचारलं.

"मला पान माहीत होतं. त्यात काय लिहिलंय ते मी विचारलं नाही." म्हातारीने ताटली दूर सारली. "विचारलं नाही, कारण कळलं होतं. हे माहीत असण्यापेक्षा बरं नाही, वाईटच आहे. बेचाळीस वर्षं दर शनिवारी ती काच मी पुसते."

जेनेझिओ उठला. आत्तापर्यंत तो वडिलांचा वकील होता. आता त्याचं अशील त्याच्याकडे बघतही नव्हतं. व्यासपीठावरून त्याने किती वेळा सांगितलं असेल, चार निवडणुका, 'मी त्या कॅप्टनचा वंशज'. टेकडीवरच्या मतदारांना तर हात जोडून सांगितलं होतं, आमच्याच जमिनीवर तुम्ही आम्ही भावासारखे राहतो. तेव्हा टेकडीवरची माणसं गप्प उभी राहायची आणि त्याला वाटायचं, आदराने. कानांच्या पाळ्या तापल्या त्याच्या.

"मला बोलू दिलंत," तो वडिलांना म्हणाला. "दर वेळी पहिल्या रांगेत बसून ऐकत होतात, बाबा. मला बोलू दिलंत तुम्ही."

तो ओसरीवर गेला. खोकी एकेक करून मागच्या कोठारात नेऊन टाकल्याचा आवाज घरात येत राहिला. बहिणीशी तो पुढे एक शब्दही बोलला नाही, पण तळटिपेचं नावही त्याने पुन्हा काढलं नाही.

आल्तिवोंना वाटत होतं तितकं हे भयंकर नव्हतं, आणि त्याचंच त्यांना भयंकर वाटलं. बेचाळीस वर्षं ज्या क्षणाची भीती बाळगली तो आला, आणि पेरूच्या वडीची चव जिभेवर तशीच होती. त्या जूनमध्ये कचेरीच्या खिडकीपाशी उभं राहून त्यांनी तिन्ही पानं दोनदा वाचली होती. गावाला तेव्हा एक बाप हवा होता, पुस्तकाला पहिलं पान हवं होतं, आणि त्यांचे वडील जिवंत होते. चौकट लागल्यावर ते रोज त्या सहीखाली बसून जेवायचे. 'गोऱ्या कॅप्टनने काळ्या संतिणीला जमीन का दिली?' असं कोणी विचारलं तर काय, म्हणून त्यांनी एक नवस रचला: कॅप्टनला ताप आला, एफिजेनिया स्वप्नात आली. तो नवस कुठल्या कागदात नव्हता. आज गावातल्या बायका तापल्या पोराच्या कपाळावर हात ठेवून तोच नवस बोलतात. हे सगळं त्यांनी स्वतःला माफ केलं नव्हतं, पण त्यासोबत राहायला ते शिकले होते. शिकले नव्हते ते एका दुसऱ्याच गोष्टीसोबत राहायला, आणि ती गोष्ट मुलीला ठाऊक नव्हती, इओलांदालाही नव्हती.

चारच्या सुमाराला ती गोष्ट मागच्या दाराने आत आली.

झुल्मिरा सणाच्या आदल्या दिवशी बिस्किटं घेऊन येतेच. मानिओक या कंदाच्या पिठाची, मातीच्या भट्टीत भाजलेली, वेटोळ्यांसारखी. मार्लुसियाच्या शाळेत पोरांचं दुपारचं जेवण ती रांधते. स्वयंपाकघराच्या खिडकीला लागून चौथीचा वर्ग आहे. एकोणपन्नास वर्षांची, टेकडीवरच्या बायकांच्या मंडळाची पुढारी, उद्या तिच्याच घरातून संतिणीची मूर्ती निघाली की पुढे निशाण तिचं. तिच्या बाप्तिस्म्याला धर्मबाप म्हणून आल्तिवो उभे राहिले होते. त्या काळी टेकडीवरच्या निम्म्या पोरांचे धर्मबाप लासेर्दाच असायचे.

परात ओट्यावर ठेवून, हात पुसून, ती जेवणघरात आली आणि नेहमीसारखी आल्तिवोंच्या खुर्चीशी वाकली. "आशीर्वाद द्या, पाद्रिन्यु."

यावर 'देव तुझं भलं करो' म्हणायला विचार लागत नाही. आमच्याकडे धर्मबाप भांडणात, आजारात, झोपेत असला तरी तोंडातून ते येतंच. आल्तिवोंच्या तोंडातून आलं नाही. त्यांचा हात टेबलावरच राहिला.

झुल्मिराने वर पाहिलं. मग मार्लुसियाकडे, मग पालथ्या ठेवलेल्या पानांकडे.

मार्लुसियाने तिला सांगितलं. सगळं सांगितलं. पानं तिच्यापुढे केली. झुल्मिराने चष्मा आणला नव्हता. तिने पानं हातात घेतली नाहीत.

"बरं झालं सापडलं," ती म्हणाली. तिचा स्वर दुकानात विसरलेली छत्री परत मिळावी तसा होता. "आम्हाला कागद लागत नव्हता, मार्लुबाई. ओढ्याचं नाव होतं ना."

ती जायला वळली. बिस्किटं आजच काढून ठेवा, मऊ पडतील, असं तिने इओलांदा आत्याला सांगितलंही.

"किती वेळा लिहिलंस?" आल्तिवो म्हणाले.

जेवल्यापासूनचे त्यांचे हे पहिले शब्द. मार्लुसियाला वाटलं, त्यांचं भान सुटलं.

झुल्मिरा दारात थांबली. तिला नीट कळलं होतं.

"चौसष्ट साली," आल्तिवो मुलीकडे न बघता, समोरच्या चौकटीला सांगावं तसं बोलू लागले, "मी पहिलं पान वाचत होतो. ही उभी राहिली. दहा वर्षांची होती. म्हणाली, मास्तर, माझी आजी म्हणते जमीन आमच्या रोझारियाने दिली. वर्ग हसला. मला ठाऊक होतं. तीन वर्षं झाली होती मला ठाऊक होऊन. मी हिला बाकावर उभं केलं. आणि सांगितलं, घरून लिहून आण. ही जमीन कॅप्टन तेओदोलिनो लासेर्दा यांनी संतिणीला दिली. शंभर वेळा. माझी धर्मकन्या ही. मी हिला हातांवर धरलं होतं पाण्यावर."

मार्लुसियाने तोंड फिरवलं. वडिलांकडे बघणं तिला जमेना, आणि झुल्मिराकडे बघायचा आपल्याला हक्क नाही असं वाटलं.

"लिहिलं की मी," झुल्मिरा म्हणाली. ती परत आत आली होती, पण बसली नव्हती. "पन्नासला कागद संपला. आजीने तिची कोंबडी दुकानात देऊन वही आणली. आमच्या घरातली पहिली वही. मग मी लिहायला बसले तर ती शेजारी येऊन बसली, चुलीजवळ. तिला वाचता येत नव्हतं. तिला इतका आनंद झाला होता. सारखी विचारायची, काय लिहितेस ग, एवढं काय लिहायला सांगितलं मास्तरांनी."

एवढी वर्षं गप्प राहण्याची जी रीत होती ती मोडायची की नाही, हे ती ठरवत असावी.

"मी सांगितलं, आजी, मास्तरांना पटलं. मास्तर म्हणाले, रोझारियाने जमीन दिली असं शंभर वेळा लिहून आण, म्हणजे सगळ्यांच्या लक्षात राहील."

इओलांदा आत्याच्या तोंडून हलकंसं काहीतरी निघालं.

"दुसऱ्या दिवशी तुम्ही वही बघितलीत, लाल खूण केलीत आणि मला परत दिलीत. आजीने ती मागून घेतली. एफिजेनियाच्या मूर्तीखाली ठेवली, फडक्यात बांधून. रोज संध्याकाळी दिवा लावला की त्यावर हात ठेवायची. अकरा वर्षं. मरताना मला म्हणाली, रोझारियाचा कागद सांभाळ." झुल्मिराचा आवाज पहिल्यांदाच हलला. "अजून तिथेच आहे. फेकवत नाही आणि ठेववत नाही. तुम्हाला तुमची लाज आहे पाद्रिन्यु, असेल. माझी मला आहे. मी तिला फसवलं. दहा वर्षांच्या पोरीने आजीला फसवलं, आणि ती त्यावर हात ठेवून प्रार्थना करत गेली."

आल्तिवो उठले. उठायला त्यांना टेबलाच्या दोन्ही कडा धराव्या लागल्या. पुढे काय करायचं ते त्यांना माहीत नव्हतं. वयाने मोठी असती तर पाय धरले असते, पण ती त्यांच्या मुलीपेक्षा लहान होती आणि आत्ताच तिने त्यांच्याकडे आशीर्वाद मागितला होता. माफी हा शब्द त्यांनी तोंडात आणला आणि तो त्यांना फार स्वस्त वाटला.

"मी येतो घरी," ते म्हणाले. "ती वही मला दे. मी..."

"येऊ नका," झुल्मिरा म्हणाली. रागाने नाही. "उद्या गाव येणार आहे मूर्ती न्यायला. सगळ्यांसमोर ते फडकं मला सोडायचं नाही. मला दुसरी वही द्या. मी आत ठेवीन, जुनी काढीन. आजीने ज्याच्यावर हात ठेवला असं तिला वाटलं, ते तिथे असू दे."

मार्लुसियाने आपल्या पिशवीतली कोरी वही काढून टेबलावर ठेवली. नकाशासाठी आणली होती ती. पेनही तिनेच उघडून दिलं.

आल्तिवो बसले. अक्षर मास्तरांचंच होतं, गोल आणि उजवीकडे कललेलं, ज्या अक्षरावरून गावातल्या तीन पिढ्यांनी आपलं अक्षर घडवलं. त्यांनी लिहिलं: ही जमीन रोझारिया मारिया हिने संतिणीला दिली. शाई वाळेपर्यंत ते बघत राहिले. मग त्यांनी पान वहीतून फाडलं आणि दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरलं.

झुल्मिराने ते घेतलं नाही. तिने भिंतीजवळची खुर्ची ओढली, चौकटीकडे पाठ करून, आणि त्यांच्या शेजारी बसली. हात मांडीवर जुळवले.

"शंभर सांगितले होतेत, मास्तर," ती म्हणाली.

त्या दिवशी चर्चमधल्या प्रार्थनेला लासेर्दांच्या घरातलं कोणी गेलं नाही, याची गावात चर्चा झाली. सणाच्या आदल्या संध्याकाळचे आतषबाजीचे बाण आकाशात फुटू लागले तेव्हा आल्तिवो चाळिसाव्या ओळीवर होते. इओलांदा आत्याने न बोलता दिवा लावला आणि कॉफी ठेवली. झुल्मिराने कॉफी घेतली, म्हाताऱ्यांनी घेतली नाही. बोटं वाकेनाशी झाली की ते पेन खाली ठेवायचे, हात चोळायचे आणि पुन्हा उचलायचे. थांबा असं झुल्मिरा एकदाही म्हणाली नाही. जेनेझिओ कोठारातून येऊन दारात उभा राहिला, बघत राहिला, आणि मग आत येऊन भिंतीवरची चौकट उतरवली. मागे भिंतीवर फिकट चौकोन राहिला.

शंभरावी ओळ संपली तेव्हा आल्तिवोंच्या हाताने सवयीने खाली डाव्या बाजूला छोटा क्रूस काढला. सहीसाठी पेन उजवीकडे सरकलं आणि कागदाच्या जरा वर थांबलं.

त्यांनी पेनाचं टोपण लावलं. झुल्मिराने वही जवळ ओढली, तो क्रूस चष्म्याशिवाय, डोळ्यांपाशी नेऊन बघितला, आणि वही मिटून परातीवरच्या फडक्यात बांधली.